तिघींचं तिकीट

आमचं घर पाथर्डीच्या एस.टी. स्टँडच्या पाठीमागं होतं, इतकं जवळ की गाडी मागं घेताना कंडक्टर जी शिट्टी मारायचा ती आमच्या चुलीपाशी ऐकू यायची. घरात घड्याळ नव्हतं आणि त्याची कधी गरजही पडली नाही. नगरहून पेपरचे गठ्ठे घेऊन येणारी गाडी लागायची तोवर माझी वेणी घालून झालेली असायची, शेवगावची गाडी सुटली की शाळेला निघायचं, आणि बीडकडची गाडी धुरळा उडवत आली की बाई चुलीवर तवा टाकायची. बाई म्हणजे माझी आई. आमच्याकडं आईला बाई आणि वडिलांना दादा म्हणत. मी थोरली, पाठची दोन भावंडं अजून अंगणात खेळणारी. त्यामुळं घरातलं काम आणि टपरीवरचं काम, दोन्हींत माझा हात आपोआप गेला. आज नातवंडं विचारतात, 'आजी, तू लहानपणी काय करायचीस?' मी म्हणते, 'लॉटरी विकायची.' त्यांना वाटतं, आजी थट्टा करतेय.

दादांची टपरी स्टँडच्या फाटकाला लागून होती. पेपर, पंचांगं, पाटीवरच्या पेन्सिली, शाईच्या पुड्या आणि उदबत्त्या असा माल. गाडीच्या टपावरून पेपरचा गठ्ठा धप्पदिशी खाली पडायचा, दादा सुतळी दातानं तोडायचे आणि ताज्या कागदाचा वास सगळ्या टपरीत पसरायचा. तो वास आणि घरातून येणारा लसणाच्या फोडणीचा वास, या दोन वासांत मी वाढले. ती वर्षं पावसानं दडी मारलेली होती. गावोगाव खडी फोडायची कामं निघाली होती आणि रेशनवर मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळायची. तिची भाकर थापताना चिरायची आणि खाताना घशात अडायची. बाईनं तिच्यावर एक तोड काढली होती. ती कुळथाच्या, म्हणजे हुलग्याच्या, पिठाच्या शेंगोळ्या करायची. तळहातावर पिठाच्या बोटाएवढ्या वळ्या वळून गोल करायच्या, लसूण-मिरचीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या, आणि ते दाट झालेलं कालवण भाकरीवर ओतायचं. मग मिलो काय आणि बाजरी काय, जिभेला पत्ता लागत नसे. शेंगोळ्या वळायला बसलं की बाईची जीभही सैल सुटायची, आणि जगातल्या बऱ्याच गोष्टींचा निकाल तिथंच लागायचा.

सरकारनं लॉटरी काढली तेव्हा दादांनी तिकिटं विकायला घेतली. नगरच्या एका एजंटाकडून ते गठ्ठा आणायचे. लॉटरी म्हणजे काय हे लोकांना समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझा आवाज खणखणीत होता आणि मला कुणाची भीड नव्हती. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. मी दहावीत होते. शाळा सुटली की टपरीच्या फळीवर उभी राहून मी ओरडायची, 'सोडत जवळ आली! रुपयाला तिकीट, रुपयाला!' लोक जमायचे. मग मी सांगायची की सरकार ही तिकिटं छापतं, राज्यभर विकतं, आणि ठरलेल्या दिवशी मुंबईत चारचौघांसमोर चक्रं फिरवून एकेक आकडा काढतं. ज्याच्या तिकिटावर तेच अक्षर आणि तेच आकडे त्याच ओळीनं असतील, त्याला पहिलं बक्षीस. खालची बक्षिसं वेगळी. काहींना नुसते शेवटचे आकडे जुळले तरी चालतात. बाकी सगळ्यांचा रुपया गेला तो गेला.

"कुठं गेला?" एकदा एका पागोटंवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"थोडा बक्षिसात गेला, थोडा छपाईत, थोडा आमच्या कमिशनात, आणि उरलेला सरकारच्या खजिन्यात. त्याचे रस्ते होतात, आजोबा."

"मंग माज्या दारापुढं का न्हाई झाला?" म्हातारा म्हणाला, आणि हसत हसत तिकीट घेऊन गेला.

दादांचा सगळा जोर एकाच गोष्टीवर असे. तिकीट घेतलं की पाठीवर नाव-गाव लिहा, मगच ते खिशात घाला. त्यासाठी टपरीत टाक-दौत कायम भरलेली असायची. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचं नाव मी लिहायची आणि अंगठा घ्यायची. "सरकार तोंड बघत न्हाई, कागद बघतं," दादा सांगायचे. "कोऱ्या तिकिटाला मालक नसतो. ज्याच्या हातात पडंल त्याचं." निकालाचंही तसंच. कुणी हॉटेलात सांगितलं, कुणी गाडीत सांगितलं, यावर जायचं नाही. पेपरात छापून आलेला निकाल स्वतः बघायचा, वाचता येत नसेल तर दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घ्यायचा. लागलेलं तिकीट सदऱ्याच्या खिशात राहून धुतलं गेलं, आकडा पुसला, की संपलं. अशा एका माणसाची गोष्ट दादा इतक्या दुःखानं सांगायचे की ऐकणारा आपलं तिकीट तिथल्या तिथं टोपीत लपवायचा.

बाईचं मत वेगळं. तिनं आयुष्यात एकही तिकीट घेतलं नाही. न खपलेली तिकिटं परत जात नसत, ती आमच्याच गळ्यात पडायची. निकालाच्या सकाळी दादा ती पसरून बसायचे आणि बाई त्यांच्याकडं पाठ करून भांडी घासायची. "मीठमिरची, तेल झाल्यावर रुपया उरला तर घ्यावं," ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, "न्हाई उरला तर पुढच्या टायमाला. सरकार कुठं पळून चाललंय?" दादा कपाळाला हात लावायचे. पण गंमत अशी की लोकांचा जास्त विश्वास बाईवरच होता.

आमच्या गिऱ्हाइकांत तीन बायका होत्या. गावातल्या मुलांच्या बोर्डिंगात त्या स्वयंपाकाला होत्या. शेवंताबाई ठेंगणी, गोरी, दिवसभर बोलणारी. हलीमाबी उंच, बांगड्यांनी भरलेले हात, पोरांना वाढताना दम देणारी आणि तरी जास्तच वाढणारी. तिसऱ्या पार्वताबाई. त्यांचा आवाज मी क्वचितच ऐकला होता. त्यांचे यजमान गणपतराव पलटणीतून निवृत्त होऊन आले होते. ताठ चालणं, टोकदार मिशा, आणि घरात त्यांच्या शब्दापुढं शब्द नसायचा. मारझोड करणारे नव्हते. फक्त जे काही घरात आहे ते आपलं, बायकोसकट, असा त्यांचा सरळ हिशोब होता. त्या काळी तो बहुतेक घरांचा हिशोब होता.

या तिघी प्रत्येक सोडतीला मिळून एक तिकीट घ्यायच्या. दुपारची पंगत उठली, भांडी झाली, की पदर खोचून तिघी स्टँडवर यायच्या. मी तिकिटं हातात पंख्यासारखी धरायची. हलीमाबी डोळे मिटून एक ओढायच्या. मग शेवंताबाई म्हणायच्या, "वाच, पोरी." मी आकडा वाचायची. "परत वाच." मी परत वाचायची. असं त्यांचं समाधान होईस्तोवर चाले, आणि तोवर तो आकडा मलाही पाठ व्हायचा. तिकीट सांभाळायचं काम पार्वताबाईंचं. त्यांच्या हातून कधी काही हरवलं नव्हतं. पण पाठीवर नावं लिहायची म्हटलं की तिघी हसायच्या.

"आमच्यात नावं कशाला गं?" शेवंताबाई म्हणायच्या. "नाव लिवलं म्हंजी इस्वास न्हाई असं झालं."

"बेटी, एक नाव लिवलं तर दोन रुसतील," हलीमाबी म्हणायच्या. "कोरंच राहू दे."

दादा समजावून थकले होते.

अशाच एका सोडतीचा निकाल आला त्या सकाळी दादा सायकलवर गठ्ठा लादून तिसगावच्या बाजाराला गेले होते. टपरीवर बाई आणि मी. गाडी आली, गठ्ठा पडला, सुतळी मीच तोडली. निकालाच्या दिवशी फळीवर उभं राहून मोठ्यानं आकडे वाचायचे हा माझा मान. खाली माणसं आपापली तिकिटं उलगडून उभी. पहिलं बक्षीस वाचलं. कुणी हाललं नाही. दुसरं वाचलं, आणि वाचता वाचता माझ्या जिभेला तो आकडा ओळखीचा लागला. शेवटी दोन सत्ते. हलीमाबींनी ओढलेलं, शेवंताबाईंनी पुन्हा पुन्हा वाचायला लावलेलं. पण मी थांबले नाही. निकाल वाचताना कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही, आपलं तोंड कुणाला वाचू द्यायचं नाही, हे दादांनी शिकवलं होतं. मी शेवटच्या बक्षिसापर्यंत सगळं वाचलं, खाली उतरले आणि बाईच्या कानाशी लागले.

बाईनं हातातली उदबत्तीची पुडी खाली ठेवली. "खात्री हाय?"

"पाठ आहे मला."

"मंग जा बोर्डिंगात. पळू नको. पळालीस तर गाव मागं येईल."

मी चालत गेले. इतकं हळू मी आयुष्यात कधी चालले नाही. बोर्डिंगाच्या स्वयंपाकघरात धूर भरलेला, मिलोच्या भाकरींची चळत लागलेली. तिघी परातीभोवती बसलेल्या. मी दार लोटून घेतलं आणि सांगितलं. शेवंताबाईंची बडबड एकदम बंद झाली. हलीमाबींनी हातातली भाकर तव्यावर टाकली ती उलटायची राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा त्या भानावर आल्या. पार्वताबाई तेवढ्या लगेच उठल्या. "घरी हाय," त्या म्हणाल्या. "हुलग्याच्या डब्यात."

पीठ लागलेल्या हातांनीच आम्ही त्यांच्या घरी गेलो. डबा फळीवरून खाली काढलेला होता, झाकण बाजूला, आणि हुलगे जमिनीवर सांडलेले. तिकीट नव्हतं.

"ह्यांनी नेलं," पार्वताबाई म्हणाल्या. गणपतराव सकाळचा चहा स्टँडसमोरच्या हॉटेलात घ्यायचे. मी फळीवर उभी राहून वाचलेला आकडा त्यांनी तिथं बसून ऐकला असणार. बायकोनं तिकीट डब्यात ठेवलेलं त्यांनी पाहिलं होतं आणि आकडाही पाहून ठेवला होता. पलटणीतला माणूस, नजर बारीक.

आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा ते टपरीसमोर उभे होते, आणि त्यांच्याभोवती बरीच माणसं गोळा झालेली. हातात तिकीट. त्यांच्या बाजूला पेठेतला एक कापडवाला शेठ, त्यांच्या कानाशी लागलेला. बाईनं त्यांच्यासाठी चहा मागवला होता आणि ती त्यांच्याशी अगदी निवांत बोलत होती.

"वैनी, च्या ऱ्हाऊ द्या," गणपतराव म्हणत होते. "तिकिटाला दुकानाचा शिक्का लागतो म्हनत्यात. तेवढा मारा, आन माझं नाव टाकून द्या."

"शिक्का पोरीकडं असतो," बाई म्हणाली. "यील आत्ता. साखर कमी पडली का?"

शिक्का ती बसली होती त्या पोत्याखाली होता.

"अहो, शिक्क्याची काही गरज नाही," शेठ हळूच म्हणाला, पण मी ऐकलं. "नावही नको. कोरंच द्या मला. मुंबईला हेलपाटे घालणार, तिथं कर कापून घेणार, कशाला ती कटकट? मी आत्ता रोख देतो, थोडं वरचढच."

मला तेव्हा याचा अर्थ लागला नाही. बक्षिसापेक्षा जास्त पैसे देऊन कुणी तिकीट का घेईल? फार पुढं कळलं की दडवून ठेवलेला पैसा उजळ करून घ्यायचा तो एक रस्ता होता. लॉटरी लागली म्हणून सांगितलं की पैसा कुठून आला असं कुणी विचारत नाही. त्याला ते तिकीट कोरंच हवं होतं, आणि ते कोरंच होतं.

गणपतरावांनी मला पाहिलं. "ही आली. घे गं, लिही." आणि त्यांनी ते तिकीट माझ्या हातात दिलं.

मी फळीवर चढले. आधी पेपर उघडून आकडा जुळवला, अक्षर जुळवलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. मग म्हणाले, "काका, हे तिकीट मी विकलंय. या तिघींना. रुपया तिघींनी मिळून दिला, याच जागी उभं राहून."

"माज्या घरात, माज्या डब्यात हुतं ते," गणपतराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होतं की मी काहीतरी पोरकट बोलतेय.

"आमच्या दादांनी उद्या सायकल तुमच्या ओसरीवर लावली तर ती तुमची होईल का?"

लोक हसले. गणपतरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी हात पुढं केला. "दे हिकडं."

तो क्षण मला आजही लख्ख आठवतो. तिकीट माझ्या हातात होतं. मी ते मुठीत दाबून घरात पळू शकले असते, आणि स्टँडवरच्या निम्म्या माणसांनी मला वाट दिली असती. पण त्यांनी ते माझ्या हातात आपणहून दिलं होतं. विश्वासानं दिलेली वस्तू दाबून ठेवली तर आमच्या टपरीवर पुढं कोण तिकीट लिहायला देणार? मी म्हणाले, "तुम्ही दिलंत, तुम्ही मागताय, तर मी परत देईन. पण सगळ्यांसमोर एकदा काकूंना विचारा, तिकीट कुणाचं. त्या तुमचं म्हणाल्या तर तुमचं नाव मी माझ्या हातानं लिहीन."

सगळ्या माना पार्वताबाईंकडं वळल्या. त्यांनी पदर डोक्यावर आणखी पुढं ओढला. हाताला पीठ वाळून पांढरं झालेलं. शेवगावच्या गाडीनं हॉर्न दिला. कुणी गाडीकडं गेलं नाही. शेवंताबाई बोलायला तोंड उघडत होत्या, पण हलीमाबींनी त्यांचा दंड धरला. मला वाटलं, त्या बोलणार नाहीत. नवऱ्यासमोर, तेही चारचौघांत, त्या कधी बोललेल्या कुणी ऐकलं नव्हतं.

"तिघींचं हाय," त्या म्हणाल्या.

मग मान वर न करता, पण स्पष्ट, "माजं एकलीचं आसतं तर तुमच्याच हातात दिलं आसतं. पन ह्या दोघींचा घास मी घरात न्यायची न्हाई."

गणपतरावांचा पुढं केलेला हात तसाच राहिला. अशा वेळी माणूस एकदा का अपमानाच्या वाटेनं निघाला की त्याला मागं फिरता येत नाही, हे बाईला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती पोत्यावरून उठली, शिक्का काढून माझ्यासमोर ठेवला आणि गणपतरावांना म्हणाली, "भाऊ, तिकीट तर तिघींचं ठरलं. पन आता हे मुंबईला न्यायचं. तिघी बाया, परका मुलूख, वाटंत हिसकावनारे सतरा. आमचे हे सायकलीवरून पडतात, त्यांचा काय उपेग? संगट पलटनीतला मानूस पायजे. तुमी जाता का?"

गणपतरावांनी मिशीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग शेजारच्या शेठकडं वळून म्हणाले, "शेठजी, सरका जरा तिकडं. पोरीला लिवायला उजेड पडू द्या."

मी लिहिलं. तिकिटाची पाठ केवढीशी, तिच्यात तीन नावं बसवायची. सगळ्यांत बारीक अक्षर मी त्या दिवशी काढलं. शेवंताबाईंनी अंगठा दिला. हलीमाबींनी उजवीकडून डावीकडं उर्दूत सही केली, लफ्फेदार. आणि पार्वताबाई म्हणाल्या, "मला येतं." बोर्डिंगातल्या पोरांनी त्यांना चुलीपाशी कोळशानं अक्षरं गिरवायला शिकवली होती, हे गणपतरावांनाही माहीत नव्हतं. एकेक अक्षर काढून त्यांनी स्वतःचं नाव पुरं केलं. त्यांचे यजमान वाकून बघत होते.

मुंबईला दादा, मी, त्या तिघी आणि गणपतराव असे सगळे गेलो. मला नेलं ते 'ही विकणारी, हिला विचारतील' म्हणून; मला कुणी काहीच विचारलं नाही, पण मुंबई बघायला मिळाली. तिकीट मेणकागदात गुंडाळून हलीमाबींच्या चोळीत, आणि गणपतराव हातात काठी घेऊन रात्रभर गाडीत ताठ बसलेले. माळशेज उतरताना सगळे पेंगत होते, हे मात्र प्रत्येक वळणावर मागं बघायचे. सरकारी कचेरीत एका चष्मेवाल्या साहेबांनी तिकीट उजेडाकडं धरून पाहिलं, भिंगातून पाहिलं, आकड्यांवर बोट फिरवलं, आणि मग पाठ उलटली. तीन नावं बघून ते म्हणाले, "धनादेश एकाच नावावर निघेल. तिघींपैकी एकीला बाकीच्या दोघींनी अधिकार द्यायचा. कुणाला देता?"

शेवंताबाई आणि हलीमाबींनी एकमेकींकडं पाहिलंसुद्धा नाही. "पार्वताबाईला," दोघी एकदम म्हणाल्या.

"का हो?" साहेबांनी गमतीनं विचारलं.

"ती बोलती कमी," हलीमाबी म्हणाल्या, "पन बोलली की पक्कं."

कर कापला गेला, कागदावर अंगठा-सह्या झाल्या, आणि पैसे काही तिथल्या तिथं हातात पडले नाहीत. ते बऱ्याच दिवसांनी नगरच्या बँकेतून मिळाले. तोवर तिघींनी खाती उघडली. बँकेत पहिल्यांदा पाऊल टाकताना शेवंताबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. तीन सारखे वाटे झाले. शेवंताबाईंनी मुलाला शिवणाचं यंत्र आणि पेठेत दुकानाची जागा घेऊन दिली. हलीमाबींनी दोन मुलींची लग्नं एका मांडवात केली, आणि आम्ही सगळे तिथं बिर्याणी खायला गेलो. बाईनं मात्र तिथं भाताबरोबर डाळ-दुधीचा दालचा खाल्ला आणि पुढं महिनाभर त्याचं कौतुक केलं. पार्वताबाईंनी पैसे बँकेतच ठेवले. गणपतरावांनी विहिरीचा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "बघू." पुढच्या वर्षी विहीर झाली, पाणीही लागलं, आणि उताऱ्यावर दोघांची नावं लागली. तिकीट विकणाऱ्यालाही वरून काही मिळतं. ते दादांना मिळालं, आणि मॅट्रिकनंतर मला नगरच्या कॉलेजात पाठवायचं त्यातूनच ठरलं. पुढं मी शिक्षिका झाले. वर्गात गणित शिकवताना संभाव्यतेचा धडा आला की मुलं झोपत नसत.

पण गावात दुसरंच काही सुरू झालं. बक्षीस लागलं ते आमच्या टपरीवरचं तिकीट, म्हणून टपरी शुभ ठरली. लोक रांगा लावायला लागले. पाच-पाच, दहा-दहा तिकिटं मागायला लागले. दादा खूश. सायकलला नवी गादी बसली. एके दिवशी दवाखान्यातला तरुण कंपाउंडर आला. पगार झालेला, खिसा फुगलेला. म्हणाला, "वहिनी, सगळा गठ्ठा द्या. एकात नाही तर दुसऱ्यात लागेलच."

बाईनं विचारलं, "राज्यात किती तिकिटं छापतात, ठावं हाय?"

"लाखांनी."

"मंग तुमच्या गठ्ठ्यानं काय फरक पडनार? समुद्रात एक घागर वतली काय आन दहा वतल्या काय. एक घ्या. बाकीचे पैसे घरी द्या." आणि तिनं एकच तिकीट काढून पुढं केलं.

कंपाउंडर चिडला, दादा त्याहून चिडले. घरी शेंगोळ्या वळता वळता दोघांचं मोठं भांडण झालं. "धंदा हाय हा," दादा म्हणत होते. "गिऱ्हाइकाला आपन हात धरून परत पाठवतो का?"

"उदबत्तीचे दहा पुडे घेतले तर मी देईन," बाई म्हणाली. "उदबत्ती जळली तरी वास येतो. हे जळलं तर निस्ती राख. रोज हितं बसायचं आपल्याला, रोज त्याच मानसांची तोंडं बघायची. बुडालेली तोंडं मला बघवायची न्हाईत."

दादांनी मग माझ्याकडं पाहिलं. मी बाईच्या बाजूनं गेले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच खडूनं फळ्यावर लिहिलं, 'एका सोडतीला एका माणसास एकच तिकीट.' काही गिऱ्हाइकं स्टँडपलीकडच्या नव्या टपरीकडं गेली. बरीचशी परत आली. कंपाउंडर तर पुढं जन्मभर आमच्याकडूनच एकेक तिकीट घेत राहिला, आणि आपल्या मुलाच्या बारशाला त्यानं सगळ्यांत आधी बाईला बोलावलं.

त्या धामधुमीत माझ्या मनात एकच होतं की आता त्या तिघी काही तिकीट घ्यायला यायच्या नाहीत. त्यांना मिळायचं ते मिळालं. पण पुढच्या सोडतीच्या आधी, दुपारची पंगत उठल्यावर, तिघी पदर खोचून फाटकातून आत आल्या. हलीमाबींच्या हातभर बांगड्या किणकिणत होत्या.

बाईला राहवलं नाही. "आता कशाला गं, बायांनो? अजून पोट भरलं न्हाई व्हय?"

तिघी हसायला लागल्या. उत्तर पार्वताबाईंनी दिलं. "बोर्डिंगातनं घरी आन घरनं बोर्डिंगात. तिघींनी मिळून भाईर पडायला एवढं एकच कारन हाय आमाला. ते बी बंद करू व्हय?"

मी तिकिटांचा पंखा पुढं धरला. त्या दिवशी हलीमाबींनी पार्वताबाईंना पुढं ढकललं, आणि त्यांनी डोळे उघडे ठेवूनच एक तिकीट ओढलं. मग तिघी समोरच्या हॉटेलात, जिथं बायका कधी बसत नसत तिथं, बाकड्यावर जाऊन बसल्या आणि त्यांनी भजी मागवली.

त्या तिकिटाला काहीच लागलं नाही. त्यांना पुढं कधीच काही लागलं नाही, आणि त्यांनी एकही सोडत चुकवली नाही.